संघात घडलेले ज्ञान आणि व्यक्तीचे प्रमाणपत्र : शिक्षकांच्या तंत्रज्ञान-प्रशिक्षणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर करावा की करू नये, हा वाद आता मागे पडला आहे. शिक्षकाने हे तंत्रज्ञान कोणाबरोबर आणि कोणत्या पद्धतीने शिकावे, हा प्रश्न मात्र अद्याप अनुत्तरित आहे. या प्रश्नाच्या संदर्भात मिशिगन स्टेट विद्यापीठातील पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेली व पुढे 'टीपॅक' या नावाने रूढ झालेली चौकट सर्वाधिक उद्धृत केली जाते. प्रस्तुत लेखात या चौकटीची आणि तिच्या पुढील वापराची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

चौकटीचे स्वरूप

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, विषयाचे ज्ञान आणि अध्यापनपद्धतीचे ज्ञान यांची केवळ बेरीज म्हणजे शिक्षकाचे ज्ञान नव्हे; दोहोंच्या संयोगातून एक वेगळेच ज्ञान निर्माण होते. मिश्रा-कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञानाचा तिसरा घटक जोडला. त्याचे मर्म एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येते. गणिताची सिद्धता फळ्यावर ओळीओळीने उलगडते. खडूचा संथ वेग विद्यार्थ्याला विचार करण्यास अवधी देतो. तीच सिद्धता पडद्यावर एकदम अवतरली की विद्यार्थी ती केवळ उतरवून घेतो. येथे साधन बदलल्याबरोबर विषयाचे आकलनही बदलले. हा बदल ओळखणे हेच शिक्षकाचे खरे तंत्रज्ञानविषयक ज्ञान होय.

सिद्धान्ताचे मूळ आणि त्याचा विसर

या चौकटीच्या जन्माकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती ज्या प्रयोगांतून आकारास आली, त्यांत प्राध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांचे संघ करून त्यांच्याकडून ऑनलाइन अभ्यासक्रमांची रचना करून घेण्यात आली होती. साधनांचे स्वतंत्र पाठ देण्यावर तेथे भर नव्हता. रचना करताना जी अडचण येई, तिच्या अनुषंगाने साधन शिकले जाई. संघातील संवादाचा अभ्यास करूनच हे ज्ञान कसे विकसित होते, हे संशोधकांनी पाहिले.

पुढे मात्र दिशा बदलली. २००९ मध्ये श्मिट व सहकाऱ्यांनी भावी शिक्षकांसाठी स्वमूल्यमापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली आणि त्या धर्तीच्या प्रश्नावल्यांचा प्रसार झाला. मोजमापाची सोय झाली हे मान्य करावे लागेल. परंतु 'मला अमुक जमते' या विधानाला सहमती दर्शविणारा शिक्षक वर्गात काय करतो, हे त्यातून कळत नाही. शिवाय जे ज्ञान संघाच्या संवादात घडले, ते एकेका व्यक्तीच्या गुणांकात शोधले जाऊ लागले. या मोजमापात संघच नाहीसा झाला.

भारतीय उच्च शिक्षणाचा संदर्भ

आपल्याकडील प्रशिक्षणव्यवस्थेतही हीच विसंगती आढळते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर स्थापन झालेली अकॅडमिक स्टाफ कॉलेजेस २०१५ मध्ये मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून मालवीय मिशनखाली आली. नावे बदलली, तथापि प्रशिक्षणाचे एकक एकटा शिक्षक हेच राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीही पदोन्नतीसाठी उद्बोधन व उजळणी वर्गांची वैयक्तिक पूर्तताच ग्राह्य धरली. दोन आठवड्यांनंतर शिक्षक प्रमाणपत्र घेऊन परततो, तेव्हा शिकलेले वापरून पाहताना त्याला साथ देणारा विभागात कोणी असेलच असे नाही.

याउलट जपानमधील 'पाठ-अभ्यास' परंपरेत शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, इतर विद्यार्थ्यांचे निरीक्षण करतात आणि नंतर पाठात सुधारणा करतात. स्टिगलर व हीबर्ट यांच्या १९९९ मधील ग्रंथामुळे ही परंपरा अमेरिकेत विशेष चर्चिली गेली. तेथे चिकित्सा पाठाची होते, शिक्षकाची नव्हे. म्हणूनच ती सोसवते.

मर्यादा

तथापि संघ हा रामबाण उपाय नव्हे. अँडी हारग्रीव्हज यांनी प्रशासनाने लादलेल्या कृत्रिम सहकारितेविषयी सावध केले आहे. परिपत्रकाने नेमलेली समिती म्हणजे संघ नव्हे. विभागप्रमुखाने बोलावे व इतरांनी माना डोलवाव्यात, किंवा संगणक हाताळता येणाऱ्या कनिष्ठ सहकाऱ्यावर सर्वांच्या स्लाईड्स तयार करण्याचे काम पडावे, असे घडल्यास संघभावना नावापुरतीच उरते.

याहून गंभीर प्रश्न वेळेचा आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील शिक्षक वाहतात. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. सामूहिक पाठनियोजनाचा तास या हिशेबात कोठेच बसत नाही. मोबदला न देता त्यांच्याकडून सहकार्याची अपेक्षा करणे शैक्षणिकदृष्ट्या फोल आणि नैतिकदृष्ट्या अनुचित आहे.

निष्कर्ष

टीपॅकचे महत्त्व त्याच्या आकृतीतील वर्तुळांत नसून ती ज्या सहकार्यातून निघाली त्यात आहे. म्हणून शिक्षकांच्या विकासाचे मोजमाप करताना प्रमाणपत्रांच्या संख्येबरोबर एकत्र आखलेले, परस्परांनी पाहिलेले आणि सुधारलेले पाठही विचारात घ्यावेत. वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याचा एक तास राखावा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्याचे मानधन द्यावे. हे न करता केवळ संघाचा पुरस्कार करणे म्हणजे जुन्याच प्रशिक्षणाला नवे नाव देणे होय.