‘उशिरा आले’ म्हणजे नक्की कुठे उशीर झाला?

ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले, आठवतंय? खाटा ५००, त्यात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय पुनर्बांधणीसाठी हलवलेलं. तेव्हाच्या खुलाशांत एक मुद्दा होता: बरेच रुग्ण अत्यवस्थ होऊन, उशिरा आले.

माझा आक्षेप यावरच आहे. हे खोटं नाही, अर्धवट आहे.

ॲस्प्लिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आपत्कालीन विभागातल्या गर्दीचे तीन भाग केले: किती रुग्ण येतात, आत किती वेळ जातो, आणि वॉर्डात खाट नाही म्हणून किती जण अडकतात. मांडणी उपयोगी आहे. पण प्रत्यक्षात मोजणी बहुतेकदा केसपेपर काढल्यावरच सुरू होते.

आता गणेशपुरीहून निघालेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. आधी जवळचं आरोग्य केंद्र, मग भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, तिथूनही ‘पुढे न्या’ म्हटलं की कळवा. पैसेवाला थेट खाजगीत जातो. हे टप्पे गरिबाच्या वाट्याला.

थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन उशीर वेगळे केले: निर्णय घ्यायला, पोचायला, आणि पोचल्यावर उपचार मिळायला. ‘उशिरा आले’ म्हणताना आपण हे तिन्ही एकत्र कोंबतो आणि दोष रुग्णाच्या माथी मारतो.

खाटा वाढवायला हव्यातच. पण पहिल्या केंद्रातल्या रेफर चिठ्ठीवरची वेळ शेवटच्या केसपेपरवर उतरवली, तरी निदान कळेल की उशीर नेमका कुणी केला.