आग, धूर आणि ओलं लाकूड

आजचा विषय तर्कशास्त्राचाच आहे, फक्त उदाहरणं आपण सिनेमाची घेणार आहोत.

‘कल्ट’ म्हणतात त्या चित्रपटांचे चाहते एका उद्योगात कायम गढलेले असतात: आता ब्लू-रेवर काय येणार? अमेरिकेतली ‘क्रायटेरियन’ ही कंपनी १९८४ पासून निवडक चित्रपट घरी पाहण्यासाठी प्रसिद्ध करते. प्रत्येक चित्रपटाला तिचा एक क्रमांक असतो. नव्या वर्षाच्या सुरुवातीला तिने अनेकदा एक गमतीचं चित्र काढलं, त्यात आगामी चित्रपटांच्या खुणा दडवलेल्या. चाहते त्याचा कीस पाडतात. हा रिकामटेकडेपणा आहे म्हणून आपण तो हसण्यावारी नेऊ नये. हे लोक जे करतात त्याला आपल्या परंपरेत शास्त्र आहे.

देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. म्हणजे रात्री जेवत असणार. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतात. आता बघा, क्रायटेरियनच्या डीव्हीडींच्या यादीत दुसऱ्या क्रमांकाचा ‘सेव्हन सामुराय’ १९९८ मध्ये आला, पण पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे झाँ रन्वारचा ‘ग्रँड इल्यूजन’, आलाच नव्हता. रिकामी जागा पाहून कोणीही म्हणेल, आत काहीतरी शिजतंय. आणि शिजतच होतं. या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह युद्धकाळात जर्मनांनी पॅरिसहून बर्लिनला नेली. तिथून ती मॉस्कोला आणि पुढे फ्रान्समध्ये तुलूझला पोचली. तिच्यावरून नवी प्रत करायची म्हणून डीव्हीडी थांबवली होती. ती १९९९ मध्ये आली. इथे अर्थापत्ती खरी ठरली.

पण चाहत्यांचा नेहमीचा तर्क असा नसतो. तो असा असतो: अमुक चित्रपटाचं पुनरुज्जीवन झालं, कान महोत्सवात दाखवला, म्हणजे आता डिस्क येणारच. इथे नैयायिक आपल्याला थांबवतील. धुरावरून आगीचं अनुमान होतं. आगीवरून धुराचं होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात आग आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं लाकूड लागतं. या लपलेल्या अटीला न्यायात उपाधी म्हणतात. पुनरुज्जीवन ही आग, डिस्क हा धूर आणि ओलं लाकूड म्हणजे हक्क, संगीताचे करार, पैसे घालणारा माणूस. हे कोणी मोजत नाही.

दुसरा दोष जास्त खोल आहे. मायकल मान यांचा ‘द कीप’ (१९८३) घ्या. दिग्दर्शकाची प्रत सुमारे साडेतीन तासांची होती. स्टुडिओने ती ९६ मिनिटांवर आणली. चाहते वर्षानुवर्षं त्या लांब प्रतीची वाट पाहत राहिले. २०२४ मध्ये अमेरिकेत ब्लू-रे आला, तो ९६ मिनिटांचाच. लांब प्रत आज अस्तित्वात आहे हेच सिद्ध नाही. आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे, या तर्काला आश्रयासिद्ध म्हणतात. आपली इच्छा हेतूच्या जागी येऊन बसली की असंच व्हायचं. शिवाय या आकाशकमळापायी समोरचा ९६ मिनिटांचा चित्रपट कसा आहे, हे पाहायचंच राहून जातं. आमची खरी तक्रार ती आहे.

तरीही या लोकांचा थोडा हेवा वाटावा. अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे वारंवार दिसलेलं साहचर्य. कोणीतरी वर्षानुवर्षं नियमाने वागलं तरच त्याच्या वागण्याविषयी अंदाज बांधता येतो. आपल्याकडे काय आहे? उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) पाहा. नृत्यातून कथा सांगणारा विलक्षण चित्रपट. त्याचं साहित्य पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होतं. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या संस्थेने ते घेऊन पुनरुज्जीवन केलं आणि २०१२ मध्ये तो कानला दाखवला गेला. डिस्क आली २०२२ मध्ये, क्रायटेरियनच्या एका संचात. आग आणि धूर यांत दहा वर्षं! आणि ती डिस्क अमेरिकेच्या विभाग-संकेताची. भारतातल्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर ती चालेलच असं नाही. फिल्म पुण्यात, धूर समुद्रापार.

तेव्हा ‘कधी येणार?’ हा प्रश्न आपल्याला अजून परवडणारा नाही; तो नियमाने वागणाऱ्या दुकानदाराच्या गिऱ्हाइकाने विचारायचा. आपण आधीचा प्रश्न विचारू: या चित्रपटाचे हक्क आज कोणाकडे आहेत, आणि खर्च कोण करणार? याचं उत्तर कागदोपत्री मिळू शकतं. त्याला अनुमान लागत नाही, पाठपुरावा लागतो.

असो. आता आपले प्रश्न घेऊ.