तात्पर्य आणि अभिप्राय : बालवाचकाच्या पुस्तक-परीक्षणाचा प्रश्न

मराठी समीक्षेने वाचकाचा जो विचार केला, तो बहुधा दीक्षित वाचकाचा. ‘सहृदय’ असो वा ‘रसिक’, त्याच्या घडणीचा पूर्वकाळ समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिला. नुकतेच वाचू लागलेले मूल पुस्तकाविषयी चार वाक्ये लिहिते तेव्हा नेमके काय करीत असते, हा प्रश्न शिक्षणशास्त्राकडे सोपविला गेला. शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या वाचनवर्गांतून साक्षरतेचे साधन म्हणून परीक्षणलेखन करून घेतले जाते, तेव्हा तो पुन्हा समीक्षेच्या दारी येतो.

मराठी बालवाङ्मयाच्या मुद्रित परंपरेच्या आरंभीच सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 1828 मधील इसापनीती आहे. कथेअखेरचे तात्पर्य हाती लागणे म्हणजे वाचन पूर्ण होणे, हा संकेत तेथून शालेय व्यवहारात रुजला. परिणामी मुलाचे परीक्षण बहुधा तीन ठरावीक पायऱ्यांनी जाते : कथासार, बोध आणि ‘पुस्तक मला खूप आवडले’ हे समारोपाचे वाक्य. पुढे दहावीच्या कृतिपत्रिकेतील रसग्रहणही आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा कप्प्यांत बसविले जाते. शालेय शिक्षण विभागाच्या 2024 मधील ‘महावाचन उत्सवा’त तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांकडून वाचलेल्या पुस्तकावर 150 ते 200 शब्दांच्या लेखनाची अपेक्षा होती. अशा उपक्रमामुळे अवांतर पुस्तके मुलांच्या हाती जातात, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. परंतु जेथे वाचनाचा गौरव हाच हेतू असतो, तेथे ‘हे पुस्तक आवडले नाही’ असे लिहिण्यास मुलाला कितपत वाव उरतो?

लुईस रोझेनब्लाट यांनी 1978 मध्ये माहिती उचलण्यासाठीचे वाचन आणि अनुभव घेण्यासाठीचे वाचन असा भेद मांडला. तात्पर्यनिष्ठ परीक्षण पहिल्या प्रकारातच अडकते. एडन चेंबर्स यांनी 1993 मध्ये मुलांशी बोलण्यासाठी सुचविलेले मूलभूत प्रश्न साधे आहेत : काय आवडले, काय आवडले नाही, कोठे कोडे पडले, कोठे काही संगती वा साम्य जाणवले. ‘का?’ हा उलटतपासणीचा प्रश्न ते टाळतात आणि ‘सांग पाहू’ असे म्हणतात. येथे नावड आणि संभ्रम यांनाही वाचनप्रतिसादाची प्रतिष्ठा मिळते.

सोलापूरसारख्या शहरात ह्या प्रश्नाला आणखी एक परिमाण आहे. पूर्व भागातील विणकर आणि विडी कामगारांच्या अनेक घरांत तेलुगू बोलली जाते. शहरात इतरत्र कन्नड आणि दखनी उर्दू आहे. मराठी माध्यमात शिकणाऱ्या अशा घरांतील मुलाला पुस्तकाविषयीचा विचार एका भाषेत सुचतो आणि लिहावा लागतो प्रमाण मराठीत. कोल्ह्यालाच नेहमी लबाड का ठरवतात, हे घरच्या भाषेत सहज विचारणारे मूल वहीत ‘कोल्हा लबाड होता’ एवढेच लिहील, हे संभवनीय आहे. परीक्षणाचा पहिला वाचक ऱ्हस्व-दीर्घच तपासणार असेल, तर मूल चुकण्याचा धोका नसलेली वाक्येच लिहू लागते. आणि अशी तयार वाक्ये त्याला तात्पर्याच्या परंपरेतच मिळतात. अर्थात, ठोकळेबाज परीक्षण हा विचारशून्यतेचा पुरावा मानणे घाईचे ठरेल. बहुधा ते भाषिक असुरक्षिततेवरचे संरक्षक कवच असते.

शालाबाह्य वाचनवर्गाचे महत्त्व येथेच आहे. तेथे गुणांकन नसते. पुण्यात पालकनीती परिवाराचे ‘खेळघर’ 1996 पासून वस्तीतील मुलांसाठी चालत आले आहे. शाळेबाहेर शिकण्याची वेगळी जागा उभी राहू शकते, हे त्यावरून दिसते. अशा ठिकाणी आधी कोणत्याही भाषेत बोलणे, मग मराठीत लिहिणे आणि शेवटी शुद्धलेखन, हा क्रम पाळता येतो. प्रमाणभाषेचे मूल्य त्याने घटत नाही. ती निर्भयपणे शिकता येते. परीक्षण शिक्षकासाठी न राहता त्याच कपाटातून पुस्तक निवडणाऱ्या दुसऱ्या मुलासाठी लिहिले गेले, तर त्याला त्याचे मूळ सामाजिक प्रयोजनही परत मिळते. मात्र हाच वर्ग शिकवणीचे रूप घेऊ लागला, तर तेथेही तात्पर्यच शिरेल.

छापलेला शब्द प्रमाण मानण्याची सवय साक्षरतेबरोबर येते. ती मोडण्याची क्षमता मात्र आपोआप येत नाही. म्हणून अशा उपक्रमांचे मोजमाप परीक्षणांच्या संख्येवरून न करता त्यांतील असहमतीवरून करावयास हवे. पुस्तकाशी न पटल्याचे आपल्या शब्दांत लिहिणारे मूल साक्षर तर झालेच, शिवाय समीक्षेच्या व्यवहारात त्याने प्रवेशही केला आहे.