पुण्याचे ज्यू: इमारत दिसते, माणूस दिसत नाही



पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो. या शहराचा ज्यू इतिहास शोधण्याकडे अलीकडे लोकांचं लक्ष गेलं आहे. वारसा-फेऱ्या निघतात, लेख येतात. चांगलंच आहे. पण हा शोध ज्या वाटेनं चालतो, त्या वाटेवर मला आज आक्षेप घ्यायचा आहे.

शोधाची सुरुवात बहुधा कॅम्पातल्या लाल देवळापासून होते. त्याचं खरं नाव ‘ओहेल डेव्हिड’. काम 1863 साली सुरू झालं, 1867 साली पुरं झालं. मनोरा सुमारे 90 फुटांचा, त्यावर घड्याळ. नवख्या माणसाला चर्चच वाटावं. ते बांधलं डेव्हिड ससून यांनी, म्हणजे बगदादहून मुंबईत येऊन मोठे झालेल्या व्यापाऱ्यानं. 1864 साली ते पुण्यातच वारले; समाधी त्याच आवारात आहे. आपण जालन्याची माणसं ‘पेशंटला घाटीला नेलं’ म्हणतो, तसं पुणेकर ‘ससूनला नेलं’ म्हणतात. ते ससून हेच.

इथवर सगळे येतात आणि इथेच थांबतात. माझा आक्षेप तो हाच.

कारण ससून बगदादी. त्यांच्या घराची भाषा अरबी. पण पुण्यात दुसरेही ज्यू होते, बेने इस्राएल. कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे, आडनावं राजपूरकर, पेणकर, दिवेकर अशी गावांवरून घेतलेली. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पुढे फौजेत आणि सरकारी नोकरीत शिरून ते गावोगाव पसरले. पुण्यातलं त्यांचं प्रार्थनास्थळ रास्ता पेठेत आहे, ‘सुक्कथ शेलोमो’, 1921 सालचं. त्याला उंच मनोरा नाही, म्हणून त्याचा फोटोही फारसा कुणी काढत नाही.

आपल्या दर्शनांत ज्ञानाची प्रमाणं वेगवेगळी सांगितली आहेत. प्रत्यक्ष हे एक, शब्द हे दुसरं. वारसा-फेरी चालते ती केवळ प्रत्यक्षावर, डोळ्यांना जे दिसेल त्यावर. आणि डोळ्यांना दिसतं काय, तर ज्याच्याकडे दगड रचायला पैसा होता त्याचं वैभव. ज्यानं फक्त शब्द मागे ठेवले, तो अशा शोधात सापडायचा कसा?

आणि बेने इस्राएलांनी शब्द भरपूर ठेवले आहेत, तेही मराठीत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास मुंबईत बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या मंडळींनी कीर्तनं सुरू केली. म्हणजे बघा, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा, आणि त्या साकी-दिंडीच्या चालीवर! 1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली ती रिबेका रूबेन, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली बेने इस्राएल मुलगी. विद्यानगरीचा ज्यू इतिहास म्हणायचा तर आधी हिच्यापाशी जायला नको का?

प्रश्न निव्वळ पुण्यापुरता नाही. 1948 नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथंही त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. आपण मात्र त्यांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फारशी जागा दिली नाही. ‘परदेशी पाहुणे’ म्हणून कॅम्पात नेऊन ठेवलं. आपल्याच भाषेत लिहिणाऱ्याला परका ठरवणं, ही साधी चूक नव्हे. त्यानं मराठी माणूस कोण, याची आपली व्याख्याच आखडते.

लाल देऊळ जरूर पाहा. पण तिथून रास्ता पेठेत जा, आणि मग एखाद्या जुन्या ग्रंथालयात बसून हे मराठी वाचा. त्यासाठी हिब्रू यावी लागत नाही. पुस्तकांची पानं मात्र फार दिवस वाट पाहणार नाहीत.