नम्रतेची शिडी आणि आपला अपमान

एलूल महिना लागला की आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये संध्याकाळी बायकांचा एक लहानसा वर्ग भरतो. गेल्या वर्षी त्यात 'मेसिलात येशारीम' हे पुस्तक वाचावयास घेतले. मुंबईत मराठी शाळेत शिकलेल्या आम्हांला त्याचे हिब्रू सहज कळते, असे म्हणण्याचा आव आणत नाही. एका बाजूला पुस्तक, दुसऱ्या बाजूला शब्दकोश आणि अडेल तेथे नातवाला हाक, असे करीत पुस्तक पुरे केले. ते आपल्या लोकांनी का वाचावे आणि कोठे सांभाळून वाचावे, हे सांगण्यासाठी हा लेख.

पुस्तकाचे कर्ते रब्बी मोशे हाईम लुझात्तो यांचा जन्म १७०७ मध्ये इटलीतील पादुआ गावी झाला. कब्बालाच्या लिखाणावरून तेथील रब्बी त्यांच्यावर रुष्ट झाले व १७३० मध्ये त्यांच्याकडून ते लिखाण बंद करण्याची कबुली लिहून घेतली. पुढे ते आम्स्टरडॅमला गेले. तेथे १७४० मध्ये हे पुस्तक छापले गेले. १७४३ मध्ये ते आपल्या या देशात आले आणि चाळिशी गाठण्याआधीच अक्को येथे पटकीसारख्या नव्हे, तर प्लेगच्या साथीत कुटुंबासह वारले. अपमान सोसण्याविषयी त्यांनी जे लिहिले, ते गादीवर बसून लिहिलेले नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पुस्तकाचे २६ अध्याय. रब्बी पिनहास बेन याईर यांच्या एका प्राचीन वचनावर त्याची रचना आहे. एक गुण दुसऱ्या गुणाकडे नेतो, अशी ही शिडी. पहिली पायरी जहिरूत, म्हणजे सावधपणा; मग जरीजूत, म्हणजे तत्परता; अशा एकेक पायऱ्या चढत अनावा, म्हणजे नम्रता, आणि शेवटी पवित्रता. माणूस जन्माला आला तो परमेश्वराच्या जवळ जाण्यासाठी, हे पहिल्याच अध्यायात सांगून टाकले आहे. गरिबी काय आणि श्रीमंती काय, दोन्ही परीक्षाच. प्रस्तावनेत कर्ते म्हणतात की, आपण काही नवे शिकवीत नाही. लोकांना ठाऊक असलेल्या आणि म्हणूनच विसरल्या गेलेल्या गोष्टींची आठवण देतो. हा भाव आम्हांला फार आवडला.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे रोजचा हिशेब. व्यापारी जसा आपला व्यवहार पुन्हा पुन्हा तपासतो, तसा माणसाने ठरावीक वेळ काढून आपल्या कृत्यांचा हिशेब पाहावा, असे तिसऱ्या अध्यायात आहे. आपण कोकणातल्या शनवार तेल्यांची लेकरे. घाण्याचे तेल मापताना हात किती आखडला, हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. धर्म केवळ किप्पूरच्या उपासात नसून संध्याकाळच्या हिशेबात आहे, हे आपल्या आजीला कोणी समजावून सांगावे लागले नसते.

आता नम्रतेच्या अध्यायांकडे वळू. हे २२ वा आणि २३ वा. कर्ते म्हणतात की, विद्वानाने विद्येचा गर्व करू नये. पक्षी उडतो आणि बैल ओढतो तो आपापल्या स्वभावाने, तशी विद्वानाची बुद्धी. पुढे नम्र वागणुकीचे चार भाग पाडले आहेत: साधे वागावे, अपमान सोसावा, अधिकार व मानापासून दूर पळावे आणि सर्वांना मान द्यावा. त्यासाठी सवय लावावी, शेवटच्या जागी बसावे, साधे कपडे घालावे.

येथे आमची पहिली तक्रार. हा उपदेश ज्यांना पहिली जागा कोणी देऊ करतो, त्यांना उद्देशून आहे. जी बाई आयुष्यभर स्वयंपाकघराच्या दाराशी बसून जेवली, तिने शेवटच्या जागी बसून कोणता गर्व मोडायचा? शिवाय शेवटच्या जागेचाही दिमाख असतो. मलिद्याच्या वेळी "मी आपली कोपऱ्यात बरी" असे मोठ्याने म्हणणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. कदाचित त्या आपणच असू. कर्त्यांना हे कळत नव्हते असे नाही. ११ व्या अध्यायात त्यांनी अशा गर्विष्ठांची चांगलीच हजेरी घेतली आहे: आतून फुगलेला आणि बाहेरून अतिनम्र. घर पेंढ्याने भरलेले असले की केव्हा ना केव्हा तो भोकांतून बाहेर येतोच, असा दाखलाही दिला आहे. म्हणून आमचे म्हणणे असे की, २३ वा अध्याय वाचण्याआधी ११ वा वाचावा.

मग नम्रतेची सवय लावायची कशी? आम्ही परिचारिका होतो, तेथला अनुभव सांगतो. एका रात्रपाळीत आमच्या हातून एका म्हाताऱ्या रुग्णाला औषधाचा डोस दुसऱ्यांदा दिला गेला. वॉर्डात कोणी जागे नव्हते. कागदावर सही करून गप्प बसता आले असते. पाच मिनिटे आम्ही औषधांच्या कपाटापुढे उभे राहिलो. मग फोन उचलून डॉक्टरांना खरे ते सांगितले. सकाळपर्यंत दर अर्ध्या तासाने नाडी व रक्तदाब पाहिला. परमेश्वराच्या कृपेने रुग्ण सुखरूप राहिला. बोलणी खावी लागली ती खाल्ली. त्या पाच मिनिटांत नम्रतेचा जेवढा अभ्यास झाला, तेवढा साध्या कपड्यांनी झाला नसता. त्या रात्री परमेश्वर जवळ आहे असे वाटले, आणि त्याची भीतीही वाटली. पुस्तकात अशा निवडीचा दाखला असता तर ते आमच्यासारख्यांच्या अधिक उपयोगी पडले असते.

दुसरी तक्रार मोठी आहे. अपमान सोसावा, हे वाचताना वर्गातील एक वयस्कर बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मग १९६४ साली आम्ही चुकलो काय?" सर्वजणी गप्प झाल्या. तरुण वाचकांसाठी सांगतो: १९६२ मध्ये येथील मुख्य रब्बीमंडळाने बेने इस्राएल वधूवरांच्या मागच्या पिढ्या तपासण्याचे नियम काढले. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असे जाहीर केले, आणि नंतर त्या नियमांतून आपले नाव काढण्यात आले. त्या बाईंचे वडील त्या धरण्यात होते. ते नम्र नव्हते काय?

एकट्या २२ व्या अध्यायातून याचे उत्तर मिळत नाही. ते दोन अध्याय मागे आहे. २० व्या अध्यायात कर्ते सांगतात की, चांगुलपणाही तोलून पाहावा. दिसायला चांगले, पण परिणाम वाईट, असे कृत्य सोडावे. गेदाल्याने विश्वासू स्वभावामुळे कटाची खबर मानली नाही आणि तो मारला गेला. त्याचाच उपास आपण रोश हशानानंतर करतो. रब्बी जखर्या बेन अवकुलास यांच्या भिडस्तपणाने मंदिराचा नाश ओढवला, हा तालमूदचा दाखलाही तेथेच आहे. म्हणजे चुकीच्या जागी दाखविलेली नम्रता घर बुडविते, हे पुस्तकालाच मान्य आहे.

तोराही हेच शिकविते. बेमिदबारच्या १२ व्या अध्यायात मिर्याम आणि अहरोन मोशेच्या कुशी बायकोवरून त्याच्याविरुद्ध बोलले. तेथेच मोशेला सर्वांहून नम्र म्हटले आहे. स्वतःसाठी तो एक शब्द बोलला नाही; उलट मिर्यामला कोड फुटताच तिच्यासाठी हिब्रूत अवघ्या पाच शब्दांची प्रार्थना केली. पण तोच मोशे विहिरीवर यित्रोच्या मुलींना हाकलणाऱ्या मेंढपाळांपुढे उभा राहिला आणि आपल्या लोकांसाठी फारोपुढेही. आपल्या मानासाठी गप्प, लेकीसुनांच्या मानासाठी उभा. जेरुसलेमच्या धरण्यात बसलेले आपले वडीलधारे त्याच वाटेने गेले, असे आमचे मत आहे. त्या बाईंना आम्ही तेच सांगितले. त्यांनी डोळे पुसले आणि पुढचे पान वाचावयास घेतले.

तथापि वाचकहो, याचा सोयीस्कर अर्थ काढू नये. सिनेगॉगमध्ये हेखाल उघडण्याचा मान कोणाला, देणगीच्या पाटीवर नाव वर की खाली, लग्नात कोणी कोणाला आधी शालोम केला, ही भांडणे १९६४ ची नव्हेत. तेथे २२ वा अध्याय तंतोतंत लागू आहे. आपण मात्र नेमके उलट करतो: पाटीसाठी भांडतो आणि शेजारच्या नव्या ओलिमांना कोणी टोचून बोलले की खाली पाहतो.

पुस्तक अवश्य वाचावे. पण एकेक अध्याय, महिन्याला फार तर दोन. रात्री दिवे मालविण्यापूर्वी एवढेच विचारावे: आज मी कोठे माझ्यासाठी बोललो आणि कोठे दुसऱ्यासाठी बोलायचे टाळले? हिशेब रोज जमेल असे नाही. आमचाही जमत नाही.

शालोम.