शुक्रनीतींतील अग्निचूर्ण : लुप्त दारूची कृति कशी वाचावी

जी दारू आज कोणी करीत नाहीं, तिचें प्रमाण एखाद्या पोथींत सांपडलें म्हणजे संग्राहकास मोठा आनंद होतो, व तो योग्यच आहे. परंतु कृति सांपडणें आणि कृति कळणें या दोन भिन्न गोष्टी होत. शुक्रनीतींतील अग्निचूर्णाच्या वचनांवर आजवर जो वाद झाला, त्याचें परीक्षण याच दृष्टीनें येथें करावयाचें आहे.

गुस्ताव ओपर्ट यांनीं इ. स. १८८० मध्यें प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर ग्रंथ लिहिला व मुख्यतः शुक्रनीतीच्या आधारें बंदुकीची दारू ही भारतवर्षाची पुरातन विद्या ठरविली. पुढें १८८२ सालीं त्यांनीं मूळ ग्रंथहि छापिला. संहिता अभ्यासकांच्या हातीं दिल्याचें श्रेय त्यांचेंच आहे. पण त्यांच्या अनुमानाचा पाया कितपत दृढ आहे, हें पाहिलें पाहिजे.

मूळांत सांगितलेली कृति थोडक्यांत अशी : सुवर्चि लवण पांच पळें, गंधक एक पळ, आणि रुई, शेर इत्यादिकांच्या धूर कोंडून केलेल्या कोळशाचें एक पळ; हीं एकत्र करून शेर, रुई व लसूण यांच्या रसाचीं पुटें द्यावीं, उन्हांत वाळवावें व शर्करेप्रमाणें कुटावें. नालास्त्रासाठीं सुवर्चि लवणाचे भाग सहा किंवा चारहि चालतात.

पहिला प्रश्न शब्दाचा. कोशांत ‘सुवर्चिका’ हा शब्द सज्जीखारासाठीं येतो. सज्जीखार घातला तर हें चूर्ण पेटणार नाहीं, कारण गंधक व कोळसा यांस जाळणारा प्राणवायु सोऱ्यांतून मिळतो. म्हणून येथें सोरा घ्यावा लागतो, हें ओपर्ट यांचें म्हणणें मान्य आहे. पण हा अर्थ कार्यावरून काढलेला आहे, कोशावरून नव्हे. नव्यानें प्रचारांत आलेल्या द्रव्यास जुनें संस्कृत नांव लावलें असावें, अशीच शंका यावरून बळावते. पुरातनत्वाचा पुरावा म्हणून जो शब्द पुढें केला जातो, तोच अर्वाचीनतेकडे बोट दाखवितो.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. सहा भागांचा पाठ घेतला तर सोरा शेंकडा ७५ होतो. पांच भागांचा घेतला तर सुमारें ७१, व चारांचा घेतला तर सुमारें ६७. ब्रिटिश सरकारी दारूचें प्रमाण सोरा ७५, कोळसा १५ व गंधक १० असें होतें. हें साम्य पाहून कित्येकांस ऋषींच्या ज्ञानाचा अचंबा वाटतो, तर कित्येकांस विलायती नकलेचा संशय येतो. दोन्ही पक्ष घाई करितात. उपयोगी दारूचें प्रमाण द्रव्यांच्या स्वभावामुळें या आंकड्यांच्या आसपासच येतें. तेव्हां केवळ प्रमाणावरून काळ ठरत नाहीं.

तिसरा प्रश्न क्रियेचा. ‘शर्करा’ म्हणजे साखर, तशीच ती खडीहि. बारीक पूड अभिप्रेत आहे कीं रवाळ दारू, हें या एका शब्दावर अवलंबून आहे. रव्यांमधील पोकळींतून ज्वाळा त्वरेनें पसरते; दाबून बसलेल्या पुडींत ती अडखळते. त्यामुळें द्रव्यें व भाग तेच असूनहि दोन दारूंचा जोर सारखा नसतो. भाषांतरकारानें येथें एक अर्थ निवडून दुसरा न सांगितल्यास वाचकाची वंचना होते.

खरा निर्णय मात्र त्याच प्रकरणांतील बंदुकीच्या वर्णनानें होतो. यंत्राच्या आघातानें अग्नि उत्पन्न करणारा दगड व कानाशीं चूर्ण, असें तें वर्णन आहे. ही चकमकीची बंदूक होय, तोड्याची नव्हे. युरोपांत चकमकीच्या बंदुकीचें हें रूप सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झालें. तेव्हां हीं वचनें त्यापूर्वींचीं मानतां येत नाहींत. लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं सबंध शुक्रनीतीच एकोणिसाव्या शतकांतील ठरविली. या वचनांपुरता त्यांचा पक्ष बलवान् आहे. पण एका प्रकरणाचा काळ सर्व ग्रंथास लावावयाचा तर प्रत्येक अध्यायाची स्वतंत्र परीक्षा हवी.

याउलट प. कृ. गोडे यांची पद्धति अनुकरणीय वाटते. आतषबाजीच्या इतिहासावरील १९५३ च्या निबंधांत त्यांनीं गजपति प्रतापरुद्रदेवाच्या नांवावरील ‘कौतुकचिंतामणि’ पुढें आणिला. या राजाचा काळ सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध असा ठाऊक असल्यानें तेथील कृतींस कालाचा आधार मिळतो. आधीं ग्रंथाचा काळ, मग कृतीचा अर्थ, हा क्रम त्यांनीं सोडला नाहीं.

कृतीखेरीज ठेवणीचाहि विचार हवा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा व दारू, बाण वेळोवेळीं बाहेर काढून ऊन द्यावें, अशी ताकीद आहे. अशुद्ध सोरा हवेंतील ओल ओढून घेतो, हें त्याचें कारण. म्हणजे गडावरील दारूचा जोर पोथींतल्या आंकड्यांइतकाच हवालदाराच्या दक्षतेवर अवलंबून होता.

हा नियम यंत्रयुगांतील मालासहि लागू आहे. १८८९ सालच्या कॉर्डाइटमध्यें नायट्रोग्लिसरीन शेंकडा ५८ होतें. नळ्या झिजूं लागल्यामुळें पुढें निघालेल्या प्रकारांत तें ३० वर आणिलें. नांव कॉर्डाइटच राहिलें. अमेरिकेंत हॉजडन यांनीं ४८३१ या अंकाखालीं प्रथम दुसऱ्या महायुद्धांतील शिल्लक सरकारी दारू विकली. तो साठा संपल्यावर त्याच अंकाची दारू नव्यानें करविली. जुन्या साठ्याचें कोष्टक नव्या डब्यास लावणें हें एका ग्रंथाची टीका दुसऱ्या ग्रंथास जोडण्यासारखें आहे. फरक इतकाच कीं, येथें चूक झाली तर हात जातो.

म्हणून ज्यांच्या संग्रहीं दारूच्या कृतींचीं पानें असतील, त्यांनीं तीं छापतांना आंकडे विलायती प्रमाणाशीं जुळवून ‘शुद्ध’ करूं नयेत. शेर, पळ, तोळा जें असेल तें तसेंच ठेवावें. कोळसा कोणत्या लांकडाचा, पुटें कसलीं, दारू तोफेची कीं बंदुकीची, हें सर्व नोंदवावें. पाठभेद खालीं द्यावेत. आणि असें पान हें इतिहासाचें साधन आहे, जुनी बंदूक ठासण्याचा परवाना नव्हे, हें ध्यानीं ठेवावें.