रोगाचे नाव आणि नातलगांचे मौन

वर्तमानपत्रांतील निधनवार्ता नित्य वाचणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेलच. गृहस्थ हृदयविकाराने गेले असतील तर तसे स्पष्ट छापले जाते. परंतु कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या बाबतीत लेखणी ‘प्रदीर्घ आजाराने’ किंवा ‘दुर्धर व्याधीने’ या शब्दांवर येऊन थबकते. घरोघरी तोच प्रकार आहे. ‘गाठ निघाली’, ‘तेच दुखणे’, ‘टाटाला नेले आहे’, एवढे म्हटले की ऐकणारा मान खाली घालतो व पुढे काही विचारीत नाही. रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणण्याची आपली जुनी रीत आहे. मसूरिकेला तर आपण ‘देवी’ म्हणून घरात मान दिला. ती व्याधी पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे १९८० साली जाहीर झाले, तरी नाव राहिले आहे. कर्करोगाच्या वाट्यास असे देवत्व आले नाही, त्याच्या वाट्यास केवळ मौन आले.

हे मौन समाजापुरतेच असते तर त्याची चर्चा वैद्यांनी केली असती. परंतु वाङ्मय आणि चित्रपट यांनीही तेच उचलले आहे, आणि म्हणून त्याचा विचार करणे हे टीकाकाराचे काम होते. या रोगावरील कलाकृतीची पारख करताना आम्ही एकच प्रश्न विचारतो: रोग्याजवळ त्याच्या रोगाचे नाव कोण उच्चारतो, आणि उच्चारल्यावर ते घर काय करते? ज्या कृतीने हा क्षण टाळला तिच्यात कितीही अश्रू असले तरी करुणरसाचा परिपोष होत नाही, असे आमचे मत आहे.

मौन सुटले की आपली लेखणी एकदम दुसऱ्या टोकाला जाते आणि ‘झुंज’ सुरू होते. ‘कर्करोगाशी यशस्वी झुंज’, ‘मृत्यूला हरवले’, ‘रणांगण सोडले नाही’ ही भाषा अनुभवकथनांतून आणि गौरवलेखांतून इतकी रुळली आहे की तिचे वैचित्र्य कोणास जाणवत नाही. नाकात नळी असताना गोव्याचा अर्थसंकल्प मांडणारे मनोहर पर्रीकर जानेवारी २०१९ मध्ये सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. त्यांच्या धैर्याचे कौतुक योग्यच होय. परंतु तेच माप सामान्य रोग्यास लावले म्हणजे जो थकला, ज्याने ‘आता पुरे’ म्हटले, तो जणू भ्याड ठरतो. अमेरिकन लेखिका सुसान साँटॅग यांनी स्वतः या रोगावर उपचार घेतल्यानंतर १९७८ साली एक छोटेखानी ग्रंथ लिहून रोगावर चढविलेल्या अशा रूपकांची, विशेषतः युद्धाच्या रूपकांची, झडती घेतली. रूपकामुळे रोगी अधिक लाजतो व अधिक भितो, हा त्यांचा मुद्दा आम्हांस पटतो. त्या रूपकमात्राचाच त्याग करावयास सांगतात, तेथे मात्र आम्ही त्यांच्याबरोबर जात नाही. माणूस रूपकाशिवाय आजारी पडू शकत नाही. निदान मराठी माणूस तरी नाही.

युद्धाच्या रूपकावर आमचा आक्षेप वेगळा आहे. युद्धात वीर एकटा दिसतो, आणि उपचार तर कधी एकट्याचा नसतो. आम्ही ज्या भिवंडीत राहतो तेथून परळ नकाशावर फार दूर नाही. परंतु किरणोपचार म्हणजे आठवड्यास पाच दिवस, असे सहा-सात आठवडे, म्हणजे तीस-पस्तीस खेपा. दर खेपेस कल्याण किंवा ठाणे गाठावयाचे, तेथून लोकल धरावयाची, तेथे रांग, आणि मग तोच मार्ग उलट. बरोबर जाणारा मुलगा यंत्रमागावर कामाला असेल तर त्या दिवसाचे कापड विणले जात नाही आणि मजुरीही मिळत नाही. घरी कोणी वज्रेश्वरीला नवस बोललेले असते, शेजारची बाई दिवाणशाहच्या दर्ग्यावर चादर कबूल करून येते, सून तोंडात आग होणाऱ्या सासऱ्यासाठी बिनतिखटाचे वेगळे रांधते. यांत रणभेरी कोठे आहे? याला जवळचा शब्द आपल्याकडे आहे तो ‘वारी’ हा. ठरलेल्या तिथीस निघणे, पायांस फोड आले तरी चालणे, आणि सांगाती असणे, हे तिचे विशेष उपचारासही लागू पडतात. मराठी लेखकाने हा शब्द या कामी फारसा वापरू नये याचे आम्हांस नवल वाटते.

आता दोन चित्रपटांकडे वळू. साहित्यविषयक मासिकात चित्रपट कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु या विषयावर आमच्या पिढीच्या मनावर जे ठसले ते कादंबऱ्यांपेक्षा पडद्यावरूनच ठसले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ हा हिंदी चित्रपट १९७१ सालचा. त्याचा नायक आपल्या आतड्याच्या कर्करोगाचे लांबलचक इंग्रजी नाव मोठ्या मौजेने उच्चारतो. मौन मोडण्याचे हे धैर्य त्या काळी अपूर्व होते, यात शंका नाही. परंतु आनंद हे नाव इतक्या सहज घेऊ शकतो याचे कारण त्याला घर नाही. त्याच्या उच्चाराने कोणाच्या हातातली परात खाली पडत नाही. तो मुंबईत येतो, परक्यांना आपलेसे करतो, आणि त्या सर्वांना हसवून जातो. ललिता पवार आणि दुर्गा खोटे यांच्यासारख्या आपल्या थोर अभिनेत्री तेथे आईची माया देतात, तरी ती माया उसनी आहे व तिच्यावर खर्चाचा, जागरणाचा, चिडचिडीचा भार पडत नाही. उपचार तर जवळजवळ नाहीच. आरंभापासून मरण ठरलेले आहे, त्यामुळे आशेचे हेलकावेही नाहीत. ‘आनंद’ हे एक गोड शोकगीत आहे. आजारपणाचे चित्र म्हणून त्याकडे पाहिले तर त्यात फार थोडे सापडेल.

‘श्वास’ची गोष्ट निराळी. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ साली लोकांपुढे आला आणि ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटास पुनः सुवर्णकमळ मिळाले. कोकणातल्या खेड्यातून परशुराम नावाच्या लहानग्या नातवाला घेऊन आजोबा शहरातल्या डॉक्टरांकडे येतात. मुलाच्या डोळ्यांच्या पडद्याला कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव राहील, दृष्टी मात्र कायमची जाईल. न केली तर जीवच राहणार नाही. येथवर कोणीही लेखक पोहोचला असता. करावी की न करावी असा प्रश्न लांबवून त्याने दोन तास रडविलेही असते. परंतु या कथेत तो प्रश्न लवकरच सुटतो, कारण उत्तर एकच आहे. पेच उरतो तो असा की मुलाला हे सांगावयाचे कोणी व कसे? डॉक्टर साने यांचा आग्रह आहे की शस्त्रक्रियेपूर्वी त्याला कळले पाहिजे. आजोबांपाशी बोलीची, गोष्टींची वाण नाही. पण या एका गोष्टीसाठी त्यांस शब्द सापडत नाही. ते डॉक्टरांकडे पाहतात, डॉक्टर त्यांच्याकडे पाहतात, आणि वैद्यकीय समाजसेविका आसावरी दोघांच्या मध्ये उभी असते. जे काम जगातील कोणत्याही शल्यवैद्याला करता येत नाही ते एका खेडुताच्या गळ्यात येऊन पडते. अरुण नलावडे यांनी हा अडखळलेला म्हातारा ज्या संयमाने उभा केला त्याची तारीफ पूर्वी पुष्कळांनी केली आहे, म्हणून येथे आवरते घेतो.

पुढे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि आजोबा नातवासह वॉर्डातून नाहीसे होतात. सर्वत्र शोधाशोध, आरडाओरड. सायंकाळी ते आपण होऊन परत येतात. डोळे आहेत तोवर नातवाने जग पाहून घ्यावे म्हणून ते त्याला शहर दाखवावयास घेऊन गेलेले असतात. पुष्कळ प्रेक्षकांस यात माणुसकीने रुग्णालयाच्या शिस्तीवर मिळविलेला विजय दिसला. आम्हांस तसे वाटत नाही. या प्रसंगाचे सारे मोल परत येण्यात आहे. आजोबा मुलाला घेऊन गावी पळत नाहीत, कोणा मांत्रिकाच्या दारी जात नाहीत. ते एक दिवस मागून घेतात, आणि तो संपताच ज्या खाटेवर डोळे जाणार आहेत तिच्याकडे स्वतःच्या पायांनी मुलाला घेऊन येतात. प्रेम येथे उपचाराच्या विरुद्ध उभे राहत नाही. ते उपचाराला सोसण्याजोगे करते. डॉक्टर रागावतात तोही राग खोटा नाही, आणि दिग्दर्शकाने त्यांस खलपुरुष केले नाही हे त्याच्या जाणतेपणाचे लक्षण होय.

श्रद्धेच्या बाबतीत हेच परत येणे आम्हांस एका जुन्या प्रसंगात दिसते. श्रीरामकृष्ण परमहंस घशाच्या कर्करोगाने १६ ऑगस्ट १८८६ रोजी गेले. त्या अखेरच्या महिन्यांचा वृत्तांत महेंद्रनाथ गुप्त यांनी लिहून ठेवला; मराठी वाचकांस तो ‘वचनामृत’ या नावाने परिचित आहे. लोक तो तत्त्वज्ञानासाठी वाचतात. आम्ही सुचवितो की एकदा तो आजारपणाचा ग्रंथ म्हणून वाचून पाहावा. भाड्याचे घर, पाळीपाळीने जागणारे तरुण शिष्य, पैसे पुरविणारे गृहस्थ, आणि रोज येऊन अवतारकल्पनेशी वाद घालणारे डॉक्टर महेंद्रलाल सरकार. हे सरकार म्हणजे १८७६ साली कलकत्त्यात विज्ञानसंस्था स्थापन करणारे बुद्धिवादी. पण रोग्यापाशी त्यांचे तासन्तास जात. आणि शारदादेवी. त्यांच्या चरित्रांत असे सांगितले आहे की पतीसाठी त्यांनी तारकेश्वरी जाऊन अन्नपाणी वर्ज्य करून महादेवापाशी धरणे धरले. रोग हटला नाही. त्या परतल्या आणि पुनः पथ्याचे रांधू लागल्या. चमत्कार घडला असता तर ती एक पुराणकथा झाली असती. तो घडला नाही, आणि तरी श्रद्धा मोडली नाही, चूलही थांबली नाही. मराठी कथाकारांनी नवसाची जी चित्रे काढली त्यांत नवस बहुधा फळतो तरी, नाहीतर अंधश्रद्धा म्हणून उघडा तरी पडतो. फळला नाही, फसविलेही नाही, पण माणसाला दुसऱ्या दिवशी उठून गाडी पकडण्याइतके बळ देऊन गेला, असा नवस आमच्या वाचनात क्वचितच आला.

अर्थात श्रद्धेचे सारेच रूप असे सोज्वळ नसते. ‘पूर्वजन्मीचे पाप’ हे शब्द रोग्याच्या उशाशी बसून उच्चारणारे नातलग आपल्याकडे आजही आहेत. तंबाखूने व मिश्रीने झालेल्या रोगास पूर्वजन्म जबाबदार धरणे हे अज्ञान तर आहेच, पण आजारी माणसावर तो एक प्रहारही आहे. आणि अंगाऱ्याधुपाऱ्यात गेलेले पहिले सहा महिने कोणताही शल्यवैद्य परत आणून देऊ शकत नाही. म्हणूनच ‘परत येणे’ या कसोटीवर आम्ही इतका भर देतो. मंदिरात जाऊन मनुष्य परळच्या रांगेत परत येतो की नाही, हे पाहावे. ती रांग जेथे लागते ते रुग्णालयही एका घराच्या दुःखातून उभे राहिले आहे: मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने १९३१ साली गेल्या, त्यांचे पती दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, आणि दोराबजींच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णालय सुरू केले.

‘श्वास’मध्ये आम्हांस उणीव भासते ती दोन ठिकाणी. घरातील बायकांना त्यात फार थोडी जागा आहे. आजारपणाचा मोठा वाटा बायका उचलतात; येथे सांगण्याचा भार सारा पुरुषांवर ठेवल्याने कथा घट्ट झाली खरी, पण मुलाच्या आईची बाजू पडद्याआड राहिली. दुसरे असे की चित्रपट किनाऱ्यावर थांबतो. काळा चष्मा लावलेला परशा होडीतून गावी येतो, आणि आपण डोळे पुसून उठतो. शेवट सुंदर आहे. पण उपचार तेथे संपलेला नसतो. ठराविक महिन्यांनी तपासणी, पुनः तोच प्रवास, पुनः तीच धास्ती, शाळेचा प्रश्न, आणि एके दिवशी मुलाचे विचारणे की मला त्या दिवशी शहर का दाखविले होते. आजोबांच्या खिशात पुढल्या तारखेचा कागद असणारच. त्या कागदापासून पुढची कथा कोणीतरी, शक्य तर त्या मुलाच्या आईच्या तोंडून, लिहावयास हवी.